नूरबीनं कुणाचंच नाव घेतलं नाही

नूरबीच्या तोंडाला कुणी लागत नसे, आणि तिच्या तोंडून कुणाचं गुपितही बाहेर पडत नसे. हे दोन्ही गुण एकाच बाईत सापडणं म्हणजे नवलच. टॉवेलच्या कडा शिवून तिनं दोन पोरींची लग्नं लावली, नवऱ्याचं दुखणं काढलं. म्हणून कॉलेजातल्या राहत मॅडमनी नाल्याकाठच्या वस्तीत घरांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा दारोदार फिरायला तिथंच राहणाऱ्या नूरबीला सोबत घेतलं. तिसरा महेश्वर, घरांच्या हक्कासाठी भांडणाऱ्या संस्थेचा. मॅडमनी माहिती गोळा करायची, महेश्वरनं ती सरकारदरबारी मांडायची, आणि बायकांना बोलतं करायचं नूरबीनं.

बायका बोलल्या. घरोघरी शिलाईची मशीन होती. सकाळी कारखान्याच्या शेठकडून टॉवेलांचा गठ्ठा यायचा, संध्याकाळी शिवून परत जायचा. पण घरात धंदा दिसला की सरकारी लोक घराचं दुकान धरतात आणि बदल्यात मिळणारं घरकुल हातचं जातं, अशी वस्तीत धास्ती होती. "नाव कुटं जानार न्हाय," असा नूरबीनं एकेकीला शब्द दिला.

पुढं वस्ती शहराबाहेरच्या इमारतीत हलवायचं घाटू लागलं. पाहणीला सरकारी साहेब येणार असं कळलं, आणि इथं नूरबीनं घोळ घातला. मॅडमना विचारलं नाही की महेश्वरला विचारलं नाही. गल्लीत फिरून म्हणाली, "मशिनी झाका. गठ्ठे पलंगाखाली सारा." सोलापुरात चादरींना काय तोटा! साहेबांना सगळीकडे रिकाम्या हातानं बसलेल्या बायका दिसल्या. त्यांनी शेरा मारला : इथं कुणाचं काम घराशी बांधलेलं नाही, वस्ती लांब हलवायला हरकत नाही.

महेश्वर कपाळाला हात लावून बसला. "घर हललं की काम जातं, हेच तर आपण सांगणार होतो! आता वस्तीच्या सुनावणीसाठी मला नावं द्या. घरं दाखवल्याशिवाय साहेब मानायचे नाहीत."

"नावं मिळणार नाहीत," राहत मॅडम म्हणाल्या. "बायकांनी ती विश्वासानं सांगितलीत."

"मग विश्वास सांभाळा आणि वस्ती जाऊ द्या!"

दोघं नूरबीकडं बघायला लागले. दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. आपल्याच शहाणपणानं वस्ती बुडाली, हे तिला कळून चुकलं.

सुनावणीत साहेबांनी तोच शेरा वाचून दाखवला, तशी नूरबी उठली.

"साहेब, माझ्या घरात मशीन हाय. तुमी आलता तवा मीच झाकली. लांब गेलो तर शेठ गठ्ठा न्हाय पाठवायचा. मग खायाचं काय?"

"म्हणजे तुमचं घर धंद्याचं." साहेबांनी पेन उचललं. "आणखी कुणाकुणाकडं आहे?"

मागच्या बाकावर शेजारीण शिवबाई मान खाली घालून बसली होती. आपलं घर हातचं चाललंय, हे नूरबीला कळत होतं.

"माझ्या घराचं मी बोलले. दुसऱ्याचं दार मी उघडायची न्हाय."

महेश्वर तडक उठला. मॅडमनी त्याच्याकडं रोखून बघितलं. तसा तो एवढंच म्हणाला, "साहेब, नावं नकोत. एकदा न कळवता परत या."

"येतो. पण एका घरावरून वस्तीचं ठरत नसतं, हे लक्षात ठेवा."

आणि दुसऱ्याच दिवशी साहेब हजर! नूरबीची मशीन बघून ते गल्लीत आले. जीप बघून एव्हाना सगळी दारं आतून लागली होती. नूरबीनं एकही ठोठावलं नाही. मॅडम आणि महेश्वर तिच्या दोन्ही बाजूंना उभे होते. आज त्यांच्यात वाद नव्हता, नुसती धाकधूक होती. थोडा वेळ वाट बघून साहेब जीपकडं वळले.

तेवढ्यात शिवबाईच्या दाराची कडी वाजली.

"नूरक्का, त्यास्नी उनात काय हुबं केलंयस?" ती उंबऱ्यातून ओरडली, आणि आत जाऊन पुन्हा मशीनवर बसली. साहेब दारात आले, तरी तिचे हात थांबले नाहीत.

"या की साहेब. पर जरा कडंनं या. टॉवेलावर पाय पडला तर शेठ माल घेत न्हाय."