सावेडीची पीयूसी

प्रकरण साध्या अपघाताचं होतं. तरी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, ते मनातून जात नाही. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. नगर जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका तालुक्यात मी फौजदार होतो.

एका सकाळी आठच्या सुमारास शेवगाव रस्त्यावर आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाईंना मागून टेम्पोनं उडवलं. लसीचा डबा खांद्याला अडकवून त्या शेजारच्या वस्तीवर पायी निघाल्या होत्या. टेम्पो थांबला नाही. श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापाची ही मुलगी. सरकारी नोकरीत लागलेली घरातली पहिलीच. नगरच्या दवाखान्यात मी जबाब घ्यायला गेलो तेव्हा त्यांचा पाय वजनं बांधून टांगलेला होता.

"नंबर दिसला का?"

"न्हाई साहेब. मी पडले तवर तो पुढं गेला, आन् मागं सगळा काळा धूर. त्यातून हिरवा रंग तेवढा दिसला." मग त्यांनी मलाच विचारलं, "मला पयल्यासारखं चालता येईल ना? वस्त्यांवर गाडी जात न्हाई."

मी जबाबाचे कागद गोळा करून बाहेर पडलो.

तिसऱ्या दिवशी फाट्यावरचा पंक्चरवाला ठाण्यात आला. खबर द्यायला आलेला माणूस आधी भलतंच बोलतो. हा सायकलचोरीवर बोलला, चहा प्याला आणि उठता उठता म्हणाला, "साहेब, त्या दिशी सकाळी अडत्याच्या हिरव्या टेम्पोचा डावा दिवा फुटल्याला हुता. सोताच चालवत हुता. माझं नाव मातर घिऊ नका."

तालुक्याच्या बाजारात धान्याची अडत चालवणारा हा अडत्या निरोप मिळताच आला. इस्त्रीचे कपडे, शांत आवाज. त्यानं खिशातून पीयूसीची चिठ्ठी काढून माझ्या टेबलावर ठेवली. तारीख अपघाताच्या दिवसाची, वेळ सकाळी सव्वाआठ, केंद्र नगर शहरातल्या सावेडीचं. धूर मर्यादेत, गाडी पास.

"साहेब, सव्वाआठला गाडी सावेडीत होती. मग आठला इथं कशी असेल?"

सावेडी आमच्यापासून दीड तासाची वाट. हिशेब त्याच्या बाजूनं होता. पण निर्दोष माणूस चौकशीला येताना बहुधा कागद घरी विसरतो. याचा कागद मी मागायच्या आधीच हजर होता.

मी टेम्पो मागवून घेतला. डावा दिवा नवा होता. गाडी सुरू करायला लावली आणि अॅक्सिलरेटर दाबताच ठाण्याचं आवार काळं झालं. पहाऱ्यावरचा शिपाई तोंडाला रुमाल लावून बाजूला सरकला. गावातल्या मिस्त्रीनं इंजिन पाहिलं. "पंप आन् नोझल वर्षभरापास्नं खराब हायेत. दोन दिवस खोलून काम केल्याबिगर ही कुठंच पास हुयाची न्हाई."

मिस्त्रीच्या शब्दावर कोर्ट चालत नाही. दुसऱ्या दिवशी मी जबाब लिहून घेणाऱ्या रायटर हवालदाराला घेऊन सावेडीच्या केंद्रावर गेलो. केंद्रचालक पन्नाशीचा, गॅरेजमध्ये हयात घालवलेला माणूस. मी आवाज चढवला नाही, फक्त चिठ्ठ्यांचं पुस्तक मागितलं आणि केंद्राकडं राहिलेल्या स्थळप्रती उलटत गेलो. टेम्पोच्या आधीच्या चिठ्ठीवर तीच तारीख, वेळ दुपारी साडेतीन. टेम्पोच्या चिठ्ठीवर सकाळी सव्वाआठ. तिच्या पुढच्या चिठ्ठीवर दुपारी पावणेचार.

"तुमच्याकडं दुपारनंतर सकाळ होते का?"

तो स्टुलावर बसला. "गाडी आलीच नव्हती साहेब. अडत्याचा दिवाणजी नंबर लिहून घेऊन आलता. सकाळची वेळ टाका म्हणाला. कशापायी, ते मी विचारलं न्हाई."

"अशा किती देता?"

"जुन्या गाड्यांच्या बऱ्याच. काम करून घ्यायला वेळ कुणाला असतो?" तो थोडा घुटमळला. "तुमच्या ठाण्याच्या जीपची पण मीच दिलीय. तुमचा ड्रायव्हर नंबर सांगून घेऊन गेला. जीप मी आज पयल्यांदा बघतोय."

रायटरचा पेन थांबला. "साहेब, हे पण घ्यायचं?"

जीप समोरच उभी होती. तिची पीयूसी मीच फाईलला लावायला सांगितली होती, आणि त्या चिठ्ठीवरच्या तारखेला जीप ठाण्यातून हललेली नव्हती हे मला ठाऊक होतं. ते वाक्य गाळलं असतं तर कुणी विचारलं नसतं. रायटर माझ्याकडं बघत होता आणि माझे कान तापले होते.

"बोलले तसंच लिहा," मी म्हणालो.

स्थळप्रत समोर ठेवल्यावर अडत्या फार वेळ टिकला नाही. "घाबरलो साहेब. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही," एवढंच म्हणाला. फुटका दिवा त्यानं गोदामामागून काढून दिला. रस्त्यावर पंचनाम्यात सापडलेली काच त्याला बरोबर बसली.

मला वरून खुलासा विचारला गेला. मी खरं ते लिहून दिलं आणि लेखी ताकीद घेतली. जीप रीतसर तपासणीला नेली, ती नापास झाली. दुरुस्त होईपर्यंत आम्ही एसटीनं फिरलो. साहेबांना नसती उठाठेव कुणी सांगितली होती, अशी कुजबुज ठाण्यात बरेच दिवस चालली.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, आणि फुटका दिवा पोलिसांनीच आणून ठेवला असा बचाव होता; त्यामुळं खटला केंद्रचालकाच्या साक्षीवर उभा होता. तो फिरणार असं सगळ्यांनी धरलं होतं. त्याचा परवाना गेला होता, अडत्याची माणसं त्याला भेटून गेली होती. पण पिंजऱ्यात उभं राहून त्यानं सगळं जसंच्या तसं सांगितलं. अडत्याला शिक्षा झाली. नर्सबाई काठी टेकत निकालाला आल्या होत्या. त्या कामावर रुजू झाल्या होत्या, पण बसूनच काम करायच्या. वस्त्यांवर आता दुसरी बाई जायची.

कोर्टाच्या आवारात मी केंद्रचालकाचे आभार मानले. तो मान हलवून म्हणाला, "मी फिरणारच हुतो साहेब. पण साक्षीच्या आधी सरकारी वकिलानं माझा जबाब वाचून दाखवला. त्यात तुमच्या जीपचं आलं. ते तुमी ठिवलं असंल असं मला वाटलं नव्हतं. मग खोटं बोलायला जीभ रेटंना."

पुढच्या नोकरीत मी खोटे कागद पुष्कळ पाहिले. असा कागद गुन्हेगार एकटा तयार करत नाही. वेळ नाही म्हणून तुमच्या-माझ्यासारख्या सरळ माणसांनी ती वाट आधीच मळून ठेवलेली असते, तो फक्त तिच्यावरून जातो. त्या दिवशी मी जीपचं ते एक वाक्य गाळलं असतं तर केंद्रचालक फिरला असता आणि आरोपी सुटला असता. आणि तो कशामुळं सुटला, हे मला कधी कळलंही नसतं.