भाताबद्दलचा अर्ज

तुडीलच्या इस्माईल मुकादमांना अख्खा गाव मास्तर म्हणायचा, आणि शाळेचा उंबरा म्हणाल तर त्यांनी पोरवयात दोन-तीन वर्षं काय तो ओलांडलेला. उरलेलं सगळं शिक्षण बोटीवर. तारुण्य साहेबांच्या टेबलाशी वाढप करण्यात गेलं, पुढं बटलर झाले, आणि बोटीवरच्या कारकुनाचे बूट पुसून, विजारी इस्त्री करून त्याच्याकडून इंग्रजी लिहायला शिकले. अक्षर असं की बघत राहावं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा गावी परतले, पडवीत घोंगडी टाकली आणि इंग्रजी शिकवायला बसले.

शिकायला कोण? बोटीवर जाणारी तरणी पोरं. कुणी खलाशी, कुणी खलाशांचं जेवण रांधणारा भंडारी, कुणी भट्टीत कोळसा मारणारा आगवाला. शिवाय एक हैबती, पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. त्याला मुंबईत कुठल्याशा हपिसात पट्टेवाला व्हायचं होतं, म्हणून तिशी उलटली तरी ए-बी-सी-डी घोकत बसायचा. मास्तर शिकवायचे एकच गोष्ट, ती म्हणजे अर्ज. रजेचा अर्ज, बढतीचा अर्ज, बोट चुकली तर माफीचा अर्ज.

"सायबाशी तोंडानं बोलाल तर तो ऐकायचा नाय," मास्तर सांगायचे. "कागदावर बोला. कागदाला तो लाथ मारत नाय."

पोरांना ते पटायचं. तेव्हा सन एकोणतीस-तीसचा सुमार, आणि साहेबाच्या लाथेची चव त्यातल्या बहुतेकांनी घेतलेली होती.

आता मास्तरांची एक खोड सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या खोडीतनंच झालं. हा माणूस अन्नाला नाव ठेवायचा नाही. मेला तरी नाही. लहानपणी एकदा कालवण खारट झालंय म्हणाले, तर आईनं उलट्या हाताची थोबाडीत दिली. "खा मुकाट," ती म्हणाली, "अन्नाला नाव ठेवू नये." ती थोबाडीत त्यांना जन्माला पुरली. साहेब लोक ताट पुढं ढकलून "हे नेऊन टाक" म्हणायचे, तेव्हा मास्तरांच्या अंगावर काटा यायचा. हे लोक एवढे शिकलेले, आणि यांना आया नव्हत्या की काय, असं त्यांना वाटायचं.

बायको नुरजहाँ तर कपाळाला हात लावायची. एकदा ती कालवणात मीठच घालायला विसरली. मास्तर जेवले, हात धुतले, वर "आज झ्याक झालं" म्हणून ओटीवर जाऊन बसले. मग ती जेवायला बसली नि पहिल्याच घासाला ओरडली, "अवो, जिभेला काय लकवा झालाय? या माणसाला उद्या शेण वाढलं तरी दुवा देईल!" गावभर हसू झालं. मास्तरही हसले. हसण्यासारखंच होतं ते, तेव्हा.

मास्तरांचा सगळ्यात हुशार शिष्य म्हणजे सईद. दासगावचा, आईबाप नसलेला, अंगानं आडदांड आणि बोलायला गरीब. इतका आवडला की मास्तरांनी एकुलती एक लेक आमिना त्याला दिली. जावई झाला तरी तो त्यांना मास्तरच म्हणायचा, आणि त्यांच्यासमोर पाय पसरून बसायचा नाही. बोटीवर तो आगवाला होता. वर्षा-दीड वर्षानं घरी यायचा.

त्या खेपेला तो आला तेव्हा त्याला मचव्यातनं दोघांनी धरूनच उतरवलं. पाय घागरीएवढे सुजलेले. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा. चार पावलं चालला की धाप. आमिनानं पाहिलं आणि तोंडात पदर कोंबला.

महाडच्या डॉक्टरांनी पाय बघितले, बोटीवर काय खातोस विचारलं. भात, सईद म्हणाला, गिरणीचा पांढराशुभ्र भात, आणि डाळीचं नुसतं पाणी. डॉक्टर म्हणाले, "गिरणीत तांदळाचा कोंडा जातो, त्याबरोबर सगळं सत्त्व जातं. हातसडीचा तांदूळ खा, डाळी खा. औषध हेच." नुरजहाँला आनंद झाला आणि रागही आला. "हे सांगाया डाक्टर कशाला?" ती म्हणाली, आणि आमिनानं उखळ पडवीत ओढलं. घरचं तांबडं भात सडायचं, कुळथाची पिठी, वालाचं बिरडं, सुकट. महिना झाला नसेल, सईद खाडीपर्यंत चालत जाऊन येऊ लागला. पायांची सूज अशी उतरली की आमिना रोज हात फिरवून बघायची.

पण पोटापाण्याचं काय? बोट सुटायची वेळ आली. सईदला जायचं होतं, आणि बोटीवर तोच भात वाट बघत होता. तिथं आणखी माणसांचे पाय सुजलेले होते.

"मास्तर," तो म्हणाला, "कंपनीला अर्ज करतो. तांदूळ बदला म्हनतो. सगळ्यांच्या सह्या घेतो."

मास्तरांची छाती फुगली. एवढी वर्षं शिकवलं ते याच दिवसासाठी! पडवीत सगळी पोरं जमली. सईदनं स्वतः लिहिलेला कागद पुढं केला. इंग्रजी मोडकंतोडकं, पण अर्थ असा होता: तांदळात काही नाही. तो खाऊन आमचे पाय सुजतात. दोन माणसं उठू शकत नाहीत. हातसडीचा तांदूळ द्या, डाळ वाढवा, नाहीतर आम्ही मरू.

मास्तरांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हा अर्ज हाय का भांडण?"

"पन खरं तेच लिवलंय, मास्तर."

"खरं लिवायला बी रीत असते, सईद. ज्याचं मीठ खातोस त्याच्या अन्नाला तोंडावर वाईट म्हनतोस? पयला सलाम. मग उपकार. मग तारीफ. मागनं सगळ्यात शेवटी, दार थोडं लोटून आत डोकवावं तसं."

आणि त्यांनी टाक उचलला. पोरांना धडा म्हणून एकेक ओळ मोठ्यानं सांगत, समजावत लिहीत गेले. काय ती भाषा! हुजुरांच्या कृपाछत्राखाली आम्हांस बोटीवर अन्न उत्तम आणि पोटभर मिळते, त्याबद्दल आम्ही सर्वजण आजन्म ऋणी आहोत, ही पहिली ओळ. दुसरी ओळ कंपनीच्या भरभराटीची. तिसरी आपल्या पामरपणाची. असं करत करत पान उलटल्यावर, मागच्या बाजूला, तांदळाविषयी एक अगदी लहानशी विनंती करण्याचं धाडस, आणि पायांना क्वचित जाणवणारी किंचित सूज. शेवटी, आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक.

हैबती डोकं खाजवत होता. "मास्तर, अन्न चांगलं हाय म्हनून लिवलं, तर मग मागताव कशाला?"

"तू वरच्या वाडीतला. तुला रीत काय ठावी?"

पोरं हसली. दाराशी उभी असलेली आमिना मात्र हसली नाही. "बाबा," ती म्हणाली, "पायाचं तेवढं वर लिवा. पयलं पायाचं लिवा."

खोटं कशाला बोला, मास्तरांना ते पटलंही. त्यांनी नवा कागद घेतला, टाक शाईत बुडवला आणि 'अन्न वाईट' एवढं लिहायला हात टेकवला. हात पुढं जाईना. गालावर आईची ती जुनी थोबाडीत चुणचुणायला लागली. म्हातारा माणूस, नातवंडांची वाट बघणारा, आणि कागदापुढं तो सात वर्षांचा झाला. त्यांनी नवा कागद बाजूला सारला.

"तू तांदूळ सड गो," ते म्हणाले. "यातलं तुला कळायचं नाय."

सईदनं सही केली. त्याला पटलं होतं का? देव जाणे. "मास्तर सांगतात ते बराबरच असंल," एवढंच तो म्हणाला. अरे बाबा, एकदा तरी उलटून बोलायचं होतंस! पण तसा असता तर तो सईद कसला. जाताना आमिनानं हातसडीच्या तांदळाचं गाठोडं बरोबर दिलं. बोटीवरच्या सगळ्या माणसांत वाटून खाल्लं तर ते किती पुरणार, हे तिलाही माहीत होतं.

उत्तर तुडीलला पाठवावं, असं मास्तरांनीच अर्जाखाली लिहिलं होतं. मोठेपणाची हौस, दुसरं काय. पावसाळा सरला आणि एक दिवस महाडहून टपाल आलं. जाड लिफाफा, वर कंपनीचं चित्र. मास्तरांनी बटलरकीचा जुना कोट चढवला, पोरांना बोलावणं धाडलं, नुरजहाँला आणि आमिनाला दाराशी बसवलं. मग घसा खाकरून वाचायला लागले. आधी इंग्रजी, सुरात. मग मराठी.

"तुमचा अर्ज पोचला. बोटीवरचं अन्न उत्तम आनि पोटभर हाय..." इथं त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा बघितली. "...असं खलाशांनी सोताहून लिवून कळवलं, त्याचा कंपनीला आनंद वाटतो. अर्जाची नक्कल सगळ्या बोटींवर धाडली हाय. शिधा बदलायला कारन दिसत नाय."

हैबतीनं मान खाली घातली, आणि तो बोलला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"म्हंजे भात तोच?" आमिनानं विचारलं.

"मी दुसरा अर्ज लिवतो," मास्तर म्हणाले. "आजच लिवतो. चांगला खरमरीत."

लिहायला बसले, ते बसलेच. सकाळ गेली, संध्याकाळ गेली. पहिली ओळ लिहायची आणि फाडायची. पुष्कळ झटापट करून जी ओळ शेवटी कागदावर राहिली ती अशी: अन्न निःसंशय चांगलेच आहे, परंतु. त्या 'परंतु'पुढं टाक आठवडाभर हलला नाही. स्वतःचा एवढा संताप त्यांना जन्मात आला नव्हता. भिंतीवर डोकं आपटावं असं त्यांना वाटत होतं.

आणि मग दासगावचा उस्मान आला, सईदबरोबर त्याच भट्टीवर काम करणारा. मचव्यातनं त्यानं सईदची पत्र्याची पेटी उतरवली. पेटी आली, माणूस नाही. आमिनाला कुणी काही सांगावं लागलं नाही. तिनं पेटीकडं बघितलं आणि मटकन खाली बसली.

रडणं ओसरल्यावर मास्तरांनी विचारलं, "बोटीवर डाक्टर नव्हता?"

उस्मान त्यांच्याकडं बघेना. "एडनला आला होता. सईदनं त्याला पाय दावले. डाक्टरनं इचारलं, जेवन कसं मिळतं? तवा सायबानं कंपनीकडनं आलेली अर्जाची नक्कल पुढं केली. पयल्या वळीवर बोट ठेवलं. डाक्टर म्हनाला, तुमीच लिवलंय ना? सईद म्हनाला, होय, सही माझीच हाय."

"अरे, मागल्या पानावर तांदळाचं लिवलं होतं! पायाचं लिवलं होतं!"

"सईदनं सांगितलं तसं. डाक्टरला घाई होती." उस्माननं पेटीवर हात ठेवला. "मागलं पान कोन वाचतो, मास्तर? पाय सुजलेत तर कमी कोळसा मार म्हनाला आनि बॅग मिटून उतरून गेला. फुडलं बंदर यायच्या आत सईदची छाती भरली नि तो गेला. तिथंच, दर्यात सोडला त्याला."

मास्तरांनी आढ्याकडं बघितलं. त्या दिवसापासून पडवीतली घोंगडी गुंडाळलेली राहिली. पोरं दारापर्यंत यायची नि परत जायची.

सईदच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला भाऊबंद जमले. चार माणसांत घरचा तांबडा भात कसा वाढायचा, म्हणून त्याच्या चुलत्यांनी महाडहून गिरणीचा पांढरा तांदूळ मुद्दाम आणवला होता. मानाचा तांदूळ. पुरुषांची पंगत ओटीवर बसली. आमिना इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या पडद्यात, म्हणून आत दारामागं. ताटात भात पडला, मोकळा, पांढरा, नुसता बघत राहावा असा. मास्तरांनी घास घेतला. तो तोंडात फिरत राहिला.

"भात वाईट हाय," ते म्हणाले.

शेजारच्या माणसाचा हात ताटातच थांबला. मेलेल्याच्या नावाचं अन्न, आणि त्याला नाव ठेवतोय कोण, तर इस्माईल मास्तर! ज्या माणसानं अळणी कालवणाला झ्याक म्हटलं तो!

"वाईट हाय हा भात!" मास्तर ओरडले. इतके ओरडले की रस्त्यावरची माणसं थबकली. "यात काय नाय! यानं मानूस मरतो! वाईट, वाईट, वाईट हाय!"

चुलते गडबडीनं उठले. "मास्तर, सबुरी धरा," कुणी म्हणालं. कुणी पाणी पुढं केलं.

तेवढ्यात दारामागून आमिनाचा आवाज आला. रडका नाही, चढाही नाही.

"खा, बाबा," ती म्हणाली. "अन्नाला नाव ठेवू नये."

मास्तरांनी खाली मान घातली, आणि ताटातला सगळा भात, शेवटच्या शितापर्यंत, खाऊन संपवला.