सहावा फवारा

मामांना हॉकी खेळता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तीस वर्षं मैदानावर काढली, पण स्टिक हातात धरली ती गटारात अडकलेला पाला काढायला. मामांचं खातं पाण्याचं. हॉकीचं टर्फ, म्हणजे ते प्लास्टिकचं गवत, ओलं असलं की चेंडू सुळकन सरळ जातो. कोरडं असलं की अडखळतो, नको तिथे उसळतो. म्हणून मॅचआधी आणि हाफटाइमला कडेचे सहा मोठे फवारे सोडायचे, आणि मग मामांनी अनवाणी फिरून तळपायांनी बघायचं, की सगळीकडे सारखं भिजलंय ना. ओलावा मोजणारे मीटर आले, साहेब बदलले, मामांचे तळपाय काही बदलले नाहीत. मामी म्हणायच्या, "माझ्याबरोबर फिरायला निघालात की धावत सुटता. तिथे बरी पावलं मोजून पडतात!"

या वर्षी आपल्या मुलींची टीम अकरा वर्षांनी फायनलला आली. तीन मॅचपैकी दोन जिंकायच्या. पहिली जिंकली. बुधवारी दुसरीही खिशात घालायची, कप घ्यायचा आणि मोकळं व्हायचं, असा सगळा बेत होता. कसलं काय! तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक साधा, मरतुकडा फटका गोलकीपरच्या पायांवरून उसळून आत गेला आणि एका गोलनं हरलो. आता निकाल रविवारी. आणि रविवारची मॅच म्हणजे मामांचीही शेवटची. सोमवारपासून ते रिटायर.

गुरुवारी सकाळी मामा दाढी करायला गेटासमोरच्या सलूनमध्ये गेले. आत बसायला जागा नाही. सलूनवाला, बसचा कंडक्टर, गणिताच्या बाई, सगळी नेहमीची मंडळी, पण चेहरे असे की घरात कुणीतरी गेलंय. परवापर्यंत ज्या गोलकीपरला हे लोक 'भिंत' म्हणत होते, तिचं आता 'फाटक' झालं होतं.

"लहान पोरानं अडवला असता तो बॉल," कंडक्टर म्हणाला. "फाटक उघडून उभी होती नुसती!"

"एकतीस वर्षांची झाली. थकली ती," सलूनवाला मामांच्या गालाला फेस लावत म्हणाला. "आम्ही अर्ज लिहिलाय कोचना. रविवारी तिला बसवा, दुसरी उतरवा. चाळीस सह्या झाल्यात. मामा, तुमची सही सगळ्यात वर घेणार. तुमचा शब्द कोच खाली पडू देणार नाहीत."

मामांचं सहीकडे लक्षच नव्हतं. कारण समोर, आरशाच्या कोपऱ्यात, एक मोठा फोटो चिकटवलेला होता. बुधवारच्या हाफटाइमचा. "मामा, या, फोटो काढू!" म्हणून याच मंडळींनी स्टँडमधून हाका मारमारून त्यांना बोलावलं होतं, आणि मामाही, शेवटची शेवटची म्हणून, हौसेनं गेले होते. फोटोत मामा मधोमध, दात काढून हसतायत. मागे पाण्याचे फवारे उडतायत. मामांनी मोजले. पाच. उजव्या गोलकडचा, हाफटाइमनंतर आपली गोलकीपर उभी राहायची तिकडचा, सहावा नुसता खोकत होता. सोडतानाच तो फुरफुरला होता, हेही मामांना पक्कं आठवत होतं. होईल चालू, म्हणून ते फोटोला गेले. परत आले तोवर शिट्टी झाली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा अनवाणी फेरी राहून गेली.

बोललं तर काय होणार हे मामांना कळत होतं. साहेब रविवारी घरी बसवणार. तीस वर्षांच्या कामाचा शेवट असा. आणि नाही बोललं तर ती पोर बाकावर बसणार, कायमची.

"वस्तरा बाजूला घे," मामा म्हणाले. "तिची चूक नाही. माझी आहे."

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. अर्ध्या गालावर फेस तसाच.

"आमची मॅच घालवलीत तुम्ही!" कंडक्टर ताडकन उठला. "तीस वर्षं काय केलंत मग?"

"बसा खाली," गणिताच्या बाई कडाडल्या. "हाका कोण मारत होतं? तुम्हीच ना? आल्यावर तीनदा म्हणाले ते, पाणी बघायचंय. आणि हा फोटो कालपासून इथे लावलाय. आपल्यापैकी एकाला तरी सहापर्यंत मोजता आलं का? मलासुद्धा नाही!"

सलूनवाल्यानं अर्ज घेतला, टराटरा फाडला. मामा उठून साहेबांकडे निघाले तेव्हा मात्र सगळ्यात आधी कंडक्टरच मागे आला.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि मामांना भीती होती तेच म्हणाले, "रविवारी दुसरा माणूस लावतो." पण दारात सात जण उभे. "लावा की," बाई म्हणाल्या. "मग आमच्या स्टँडमध्ये प्रेक्षकही दुसरेच लावा." साहेबांनी डोकं खाजवलं, लेखी कबुली घेतली आणि मामांना म्हणाले, "बरं, रविवारी तुम्हीच या." जिन्यावर मामांना हुंदका आवरेना. एवढं नुकसान करून बसलेल्या माणसाच्या मागे उभे राहतात का कोणी? हे राहिले होते.

रविवारी फवाऱ्याचा सुटा भाग आलाच नव्हता. मग काय, उजव्या गोलपुढे नळीनं पाणी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कंडक्टर आणि सलूनवाला नळी ओढतायत, एकमेकांवर खेकसतायत, आणि मामा अनवाणी मागून. तेवढ्यात पॅड बांधून गोलकीपर आली.

"मामा, तुम्ही उगाच बोललात."

"उगाच कसं? माझी चूक होती, पोरी."

"मला बुधवारीच कळलं होतं. चेंडू उसळला तेव्हाच हात टेकून बघितला. कोरडं ठक्क."

मामा बघतच राहिले. "आणि गप्प बसलीस? काय काय बोलले लोक तुला!"

"बोलू दे. लोक आज शिव्या देतात, उद्या डोक्यावर घेतात. मला अजून तीन-चार सीझन आहेत. तुमची ही एकच मॅच राहिली होती."

ती हेल्मेट चढवून गोलमध्ये जाऊन उभी राहिली. मामांना खूप बोलायचं होतं. पण एवढंच म्हणता आलं, "देव तुझं भलं करो गं," आणि तेही तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते तिथेच, गोलपुढच्या अर्धगोलात, डीच्या मधोमध, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत उभे राहिले, आणि कडेवरून सलूनवाला बोंबलत होता, "अहो मामा, बाजूला व्हा, मॅच सुरू होतेय!"