बाबांच्या घड्याळाची चावी

माझा धाकटा भाऊ सातिवलीच्या एका कारखान्यात मशीनं दुरुस्त करतो, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपल्याला उघडता येते असं त्याला वाटतं. येते की. लावायच्या वेळी बोंब.

त्या रविवारी मी विरारहून वसईला माहेरी गेले, तर बाबांचं मनगटी घड्याळ टेबलावर पालथं पडलेलं, मागचं झाकण काढलेलं आणि चावी दांडीसकट बाहेर. भाऊ ती सुईएवढी दांडी आत ढकलत होता. आत जायची, आणि बोट काढलं की आपसूक बाहेर यायची. साफ करायला घेतलं म्हणे. कोणी सांगितलं होतं?

माझं डोकं का फिरलं ते सांगते. गेल्या वर्षी बाबांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. वाडी सुटली, केळी बघायला दुसरी माणसं आली, लुंगीची गाठसुद्धा भाऊच मारून देतो. स्वतःचं म्हणून एवढं घड्याळ राहिलं. सकाळी चहाच्या आधी बाबा त्याच लुळ्या हाताने त्याला चावी द्यायचे. सुरुवातीला बोटंच वळत नव्हती, मग अर्धा वेढा, मग हळूहळू पुरी चावी. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी हात टेकले होते, पण घड्याळ हातात दिलं की बोटं हलायची.

भावाचं म्हणणं, दांडी कोरडी पडली असेल. मी आत पाणी प्यायला गेले तेवढ्यात शहाण्याने घड्याळात खोबरेल सोडलं. आमच्याकडे पंपाचा नट अडो, कुलूप अडो, दाराची कडी अडो, औषध एकच. मी त्याला नाही नाही ते बोलले. आई मध्ये पडली, तिलाही ऐकवलं.

शेवटी मीच मोबाईलवर शोधलं. दांडी काढताना आतला एक बारीक स्क्रू जरासा सैल करायचा असतो. यानं तो पार मोकळा केला होता, त्यामुळे दांडीला धरून ठेवणारा खटका आत सुटला होता. घड्याळ सुलटं धरून खालून स्क्रू आवळला तर कधीकधी खटका परत जागेवर बसतो म्हणे. मी धरलं, त्यानं खालून आवळलं. एकदा बसल्यासारखं वाटलं. ओढून बघते तर दांडी माझ्या चिमटीत, तेलाने माखलेली. आता काटे आणि तबकडी काढल्याशिवाय इलाज नव्हता.

"आता परत हात लावलास तर बघ," मी म्हटलं.

तो तणतणत बाहेर गेला आणि स्टेशनजवळून सेलवर चालणारं नवं घड्याळ घेऊन आला. कटकटच मिटली, म्हणाला. ते त्याने बाबांच्या डाव्या मनगटावर बांधलं. बाबांनी उजवा हात कसाबसा वर आणला, चावी चाचपली आणि फिरवली. ती नुसतीच गरगर फिरली. त्यांनी पुन्हा फिरवली.

"बाबा, याला चावी द्यावी लागत नाय," भाऊ म्हणाला. "आपलंआपण चालतं."

झटक्यापासून बाबांचं बोलणं जड झालंय, अर्धं आम्हाला कळत नाही. हे कळलं.

"मग मी काय करू?"

भाऊ माझ्या तोंडाकडे बघायला लागला. माझ्याकडे काय बघतोस, म्हटलं, त्यांना सांग.