जूनमध्ये दाखवू

परमुलखातल्या त्या शहरात नवं आलेलं मराठी माणूस विमानातून उतरलं की आधी लिफ्टकाकांना फोन करायचं, मग आईला. काका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. एकोणीस वर्षांत शहरातल्या निम्म्या इमारतींच्या पोटात शिरून आलेले. कुठल्या भिंतीला ओल येते, कुठल्या घरमालकाला फोडणीचा वास सोसत नाही, कुठे थंडीत नळ गोठतो, सगळं तोंडपाठ. लोक विचारायचे आणि काका सांगायचे. कोणी विचारलं नाही तर आपणहून सांगायचे.

त्यांचा पहिला नियम होता, आधी दवाखाना, मग घर. तिकडची रीतच तशी. प्रत्येक भागाचा एक दवाखाना, त्या दवाखान्याची एक यादी. यादीत नाव असेल तर तुम्हाला हक्काचा डॉक्टर. नसेल तर मरायला टेकल्याशिवाय कोणी ढुंकून बघत नाही. म्हणून काका नव्या माणसाला सामान उघडायच्या आत दवाखान्याच्या खिडकीवर नेऊन उभं करायचे. तिथल्या अर्जावर शेवटी एक ओळ होती: ‘मी येथे कायम राहण्याच्या इराद्याने आलो आहे.’ त्याखाली सही. तिथे येऊन प्रत्येक जण अडखळायचा.

“अरे, कागदाला काय कळतंय?” काका म्हणायचे. “ठोक सही आणि हो मोकळा. परत जायला तुझा हात कोणी धरलाय?”

दुसरा नियम लिफ्टचा. घर बघायला गेले की काका स्वयंपाकघर नंतर बघत, आधी खिशातली टेप काढून लिफ्ट मोजत. “दोन मीटर दहा. स्ट्रेचर आडवं मावतं. घे बिनधास्त!” पोरं हसायची. पंचविशीतल्या माणसाला स्ट्रेचर कशाला हवंय? काका म्हणायचे, “हसा, हसा. घर घेताना माणूस उभा असतो रे, घराची परीक्षा तो आडवा झाल्यावर होते.”

आणि हा गृहस्थ स्वतः राहायचा कुठे? चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत, बहात्तर पायऱ्या चढून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आल्या वर्षी ती जागा घेतली तेव्हा काका काकूंना म्हणाले होते, “दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.” टीव्हीचं खोकंसुद्धा माळ्यावर जपून ठेवलेलं, परत नेताना लागेल म्हणून. मधल्या काळात टीव्ही दोनदा बदलला, खोकं मात्र तेच राहिलं.

दवाखान्याच्या यादीत काकांचं नाव नव्हतंच. पहिल्या महिन्यात आणलेला अर्ज पासपोर्टच्या पाकिटात घडी घालून पडला होता, सगळा भरलेला, फक्त सही राहिलेली. दुसऱ्याला ‘ठोक सही’ म्हणणाऱ्या माणसाच्या हाताला त्या ओळीखाली पेन टेकवताना लकवा भरायचा. सही केली म्हणजे आपण परत जाणार नाही असं लिहून दिलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आईला शब्द दिला होता, येतो म्हणून. आई जाऊन आठ वर्षं झाली, तरी शब्द होताच.

मग आजारपणाचं काय? त्याची सोय जूनमध्ये. दर वर्षी जूनमध्ये पंधरा दिवस घरी जायचं, आणि काकूंच्या ताईचे यजमान डॉक्टर, त्यांच्यासमोर वर्षभराचं दुखणं ओतायचं. काका पाकिटात एक चिठ्ठी ठेवायचे. उजवी दाढ. डावा गुडघा. चष्मा. काही दुखलं की चिठ्ठीत लिहायचं आणि म्हणायचं, “जूनमध्ये दाखवू.” दुखणंही बिचारं शहाणं, बहुतेक वेळा जूनपर्यंत थांबायचं.

मग एका वर्षी मार्चमध्ये चिठ्ठीत ‘छाती’ असा शब्द आला. तिसऱ्या मजल्यावर पोचलं की कोणीतरी आतून मूठ आवळल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटं उभं राहिलं की सुटायचं. जूनमध्ये साडूंनी रक्तदाब घेतला आणि विचारलं, “छातीबितीत काही?” त्यांनी काही शोधून काढलं असतं तर म्हणाले असते, आता तिकडे जायचं नाही. हातातली नोकरी, मायदेशातल्या घराचे हप्ते, सगळंच अडकलं असतं. काका म्हणाले, “छे हो! आमच्याकडे तिकडे सगळी सरकारी तपासणी होते.” काकू त्या वर्षी रजा नसल्याने मागेच राहिल्या होत्या; परत आल्यावर त्यांना म्हणाले, “दाखवलं ना. पित्त आहे म्हणाले.” इकडे सांगायचं तिकडे दाखवलं, तिकडे सांगायचं इकडे दाखवतो. छाती कुणीच बघितली नाही.

काकू तीन गल्ल्या पलीकडे कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करायच्या. त्यांची नजर शिवणकामाची, उसवलेलं लगेच दिसायचं. काका हल्ली जिन्यात दर मजल्यावर वाकून बुटाची नाडी बांधतात, हे त्यांनी पाहिलं. शनिवारी बाजारातून बिननाडीचे बूट घेऊन आल्या. सोमवारी काका तिसऱ्या मजल्यावर सवयीने वाकले, आणि वरून कठड्यावरून काकू बघत होत्या.

“काय बांधताय?” काकूंनी विचारलं.

“काही नाही गं, खडा गेलाय,” काका म्हणाले. “आणि जून काही लांब नाही.”

तेव्हा नोव्हेंबर चालू होता.

त्याच आठवड्यात एक नवी जोडी आली. मुलगा गोदामाच्या संगणकावर, मुलगी शाळेत नोकरी शोधणारी, लग्नाला सहा महिने झालेले. काकांनी नेहमीप्रमाणे सकाळी आधी दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या बाई काकांना बघून हसल्या. एकोणीस वर्षांत काकांनी त्यांच्यासमोर बासष्ट कुटुंबं आणून उभी केली होती.

“नशीबवान आहात,” बाई त्या जोडीला म्हणाल्या. “दोनच जागा उरल्या होत्या. आता यादी बंद.”

“बघितलंस?” काका कॉलर ताठ करून म्हणाले. मुलगी त्या शेवटच्या ओळीशी अडखळली, काकांनी तिला कागदाला काय कळतंय ते सांगितलं आणि तिने सही केली.

मग दवाखान्यासमोरच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची जागा बघायला गेले. लिफ्टवर पाटी लटकत होती: ‘वार्षिक देखभाल. आज बंद.’ पाटीवर तारीख काकांच्याच अक्षरात. स्वतःच लावलेला मुहूर्त स्वतःच विसरलेले. मुलगा म्हणाला, “काका, उद्या येऊ.” काकांना कसला धीर! “अरे, दोन मजले म्हणजे काय डोंगर आहे का? मी रोज चार चढतो.”

पहिल्या मजल्यावर मूठ आवळली. दुसऱ्यावर ती सुटेना. काका भिंतीला पाठ लावून पायरीवर बसले, कपाळावर घाम, आणि तोंडाने मात्र चालूच, “खिडक्या पूर्वेला आहेत बरं का. ऊन येतं.”

“काका, गप्प बसा!” मुलगी ओरडली. तिने काकूंना फोन लावला. काकांनी अँब्युलन्सला साफ नकार दिला. पित्त आहे म्हणे! पाच-दहा मिनिटांनी जरा बरं वाटलं तसे त्या दोघांनी त्यांना धरून खाली आणलं आणि रस्ता ओलांडून दवाखान्यात नेलं.

खिडकीवरच्या बाईंनी त्यांचं नाव संगणकात घातलं. पुन्हा घातलं. मग चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुम्ही यादीत नाही?”

“नाही.”

“तुम्ही? अहो, सगळ्यांना तर तुम्हीच आणलंत!” बाईंना खरंच वाईट वाटलं होतं. “आणि शेवटच्या दोन जागा सकाळी तुम्हीच भरल्यात. थांबा, मी मोठ्या हॉस्पिटलला फोन करते.”

काका खाली मान घालून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे सल्ला नव्हता. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. जूनला सात महिने होते.

मुलीने काकूंना पुन्हा फोन करून यादीचं सांगितलं होतं. तेवढ्यात त्या आल्याच. पळत आल्या होत्या, गळ्यात मापाची टेप तशीच. काकांकडे बघितलंही नाही. थेट खिडकीशी गेल्या आणि पर्समधून एक कार्ड काढून ठेवलं. कडा झिजलेल्या, चांगलं जुनं.

“माझं नाव आहे यादीत,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षांपासून. आणि घरच्या माणसाला यादी बंद असली तरी घेता येतं. हो ना?”

“येतं,” बाई म्हणाल्या. “फक्त त्यांची सही लागेल.”

हा नियम काका बासष्ट घरांना पढवत आले होते. आपल्याच घरात तो लागू पडेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“अकरा वर्षं?” काका म्हणाले. “आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर म्हणाला असता, म्हणजे तू परत यायची नाहीस. मला भांडायचं नव्हतं. मला डॉक्टर हवा होता.” काकूंनी पेन पुढे सरकवलं. “करा सही. कागदाला काय कळतंय!”

काकांनी सही केली. या वेळी हाताला लकवा भरला नाही.

डॉक्टर तरुण होती. छातीला तारा लावून पट्टी काढली, ती बराच वेळ बघितली आणि विचारलं, “कधीपासून होतंय?”

“मार्चमध्ये सुरू झालं,” काकूंनीच उत्तर दिलं. “पण गेल्या जूनमध्ये तिकडे दाखवलं होतं. आमच्या ताईच्या यजमानांना. पित्त म्हणाले.”

काका वाकून नसलेली नाडी बांधायला लागले. तेव्हाच काकूंना कळलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि डोळ्याला पदर नव्हता म्हणून मापाची टेपच लावली.

“दाखवलंच नाही ना तुम्ही?” त्या म्हणाल्या. “दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत करून घेतलीत. वर मला बिननाडीचे बूट आणायला लावलेत! तुम्ही त्या जिन्यात गेला असता तर मी काय केलं असतं हो? कोणाला सांगितलं असतं, इकडे का तिकडे?”

काकांनी फक्त काकूंचा हात धरला, परक्या डॉक्टरसमोर.

त्याच संध्याकाळी मोठ्या हॉस्पिटलमध्ये काकांच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट बसले. तिथे नेताना स्ट्रेचर लिफ्टमध्ये शिरलं तेव्हा काकांनी झोपल्या झोपल्या डोळ्यांनीच माप घेतलं. तिसऱ्या दिवशी परिचारिका घरी सोडायचे कागद घेऊन आली आणि पत्त्यापाशी थांबली. चौथा मजला, लिफ्ट नाही? असं नाही सोडता येणार. दुसरी जागा आहे का?

बासष्ट घरं लावून देणारा माणूस छताकडे बघत राहिला.

नवी जोडी भेटायला आलेली तिथेच उभी होती. मुलगी म्हणाली, “काका, ती दवाखान्यासमोरची जागा तुम्ही घ्या. घरमालकाशी आम्ही बोललोय. लिफ्ट चालू झालीये, स्ट्रेचर मावतं, मी मोजून आले.”

“अगं, मग तुम्ही कुठे राहणार?” काकूंनी विचारलं.

“तुमच्या चौथ्या मजल्यावर. आम्हाला काय, आम्ही तरुण आहोत. आणि दोन वर्षांचा तर प्रश्न आहे!”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. काकांनी परिचारिकेकडून पेन घेतलं, जुना पत्ता खोडला आणि सावकाश नवा लिहिला. मग त्या मुलीला जवळ बोलावलं.

“माळ्यावर टीव्हीचं एक खोकं आहे,” ते म्हणाले. “राहायला जाशील त्या दिवशी पहिलं ते फेकून दे.”