चाचांची रिकामी खुर्ची

प्रोग्राम अडला की आम्ही सगळे स्क्रीनला आणखी चिकटायचो आणि चाचा खुर्ची सोडून निघून जायचे. सांगलीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते सगळ्यात जुने. पन्नाशीही गाठली नव्हती, पण सगळ्यांचे चाचाच.

जायचे कुठे, तर मागच्या गल्लीत, भावाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची तार भरत बसायचे. वेढे मोजताना कोणी बोललेलं चालायचं नाही. मात्र त्याआधी सकाळभर डोकं फोडून झालेलं असे, नाहीतर ते उठतच नसत. "आदी डोक्याला पुरतं दमवायचं," म्हणायचे, "मग सोडून द्यायचं. आपुन तिकडं बगायचं न्हाई. त्ये त्याचं काम करतंय."

एकदा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या आमच्या प्रोग्राममध्ये दोन ट्रॅक्टरच्या उसाची वजनं अदलाबदल व्हायला लागली. चौघांनी आठवडा घालवला. चाचा दुकानातून काळ्या बोटांनी आले आणि उभ्याउभ्या दोन ओळी बदलल्या. मी पाया पडायचाच बाकी होतो. "माझं काय न्हाई रं, मी तार भरत हुतो."

मग साहेबांनी मला एक प्रोग्राम लिहायला सांगितला: कुणाचा कीबोर्ड किती वेळ गप्प आहे, ते मोजणारा. माझं बालपण वडिलांच्या संघटनेची पत्रकं वाटण्यात गेलं. माणसाला यंत्राने मोजू नये, असं मी स्वतः छापून वाटलं होतं. तरी केला. नोकरी नवी होती. पण संगणक स्लीपमध्ये जाऊन झोपला की प्रोग्राममधली वेळ चुकायची. तीन दिवस अडलो. चाचा सकाळभर माझ्याशेजारी झटले, मग उठून गेले. दुपारी परत आले. "संगणकासंगं तुझं घड्याळबी झोपतंय, गड्या. उठल्याव त्याला खरी येळ इचार."

चूक गेली. महिनाअखेरच्या यादीत सगळ्यात रिकामी खुर्ची चाचांची निघाली आणि साहेबांनी त्यांना कमी करायचं ठरवलं. मी तावातावाने केबिनमध्ये शिरलो. "त्या वेळात ते जागेवर होते का? तेवढं सांग," साहेब म्हणाले. त्याच वेळात त्यांनी हा प्रोग्राम दुरुस्त केला, हे माझ्या तोंडून निघालं नाही. मोर्चात माझा आवाज चौकभर ऐकू जातो.

आता ते आष्ट्याला, गावी असतात. मोटारी भरतात. घरात संगणक नाही म्हणे.

कंपनीतल्या शेवटच्या दिवशी ते डबा पिशवीत ठेवत होते. मी विचारलं, "चाचा, तो प्रोग्राम कशासाठी आहे, ठाऊक होतं तुम्हाला?"

"व्हय की."

"मग कशाला सोडवून दिलात?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तू आडला हुतास की रं."