कपाटांच्या गर्दीतला पियानो

माझ्या मामाला कुणी भंगारवाला म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. "भंगार किलोवर विकतात, मी नगावर विकतो," असं तो ठणकावून सांगतो. त्याचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. गल्ली त्याला कपाटवाले म्हणते, त्यावर त्याची हरकत नाही. बोलण्यात इतका पटाईत, की वाळवीने पोखरलेलं कपाटसुद्धा "यात हवा खेळती राहते बघा" म्हणून समोरच्याच्या गळ्यात मारील. मी त्याच्याकडे पॉलिशचं काम करते, त्यामुळे हे रोज ऐकायचं आणि हसू दाबायचं हासुद्धा माझ्या कामाचाच भाग आहे.

पियानो आला तो एका रिकाम्या होणाऱ्या घराच्या सामानाबरोबर. मामाला तो मुळीच नको होता, पण घरवाले म्हणाले, न्यायचं तर सगळं न्या, नाहीतर काहीच नका नेऊ. हमालांनी शिव्या घालत तो आत आणला, भिंतीला टेकवला आणि तो तिथेच ठाण मांडून बसला. घ्यायला येणारा माणूस आधी त्याचं कौतुक करायचा, मग घरी जाऊन जिन्याची रुंदी मोजायचा आणि पुन्हा तोंड दाखवायचा नाही. शेवटी मामाने त्यावर फुलदाण्या मांडल्या.

मिरी ही मामाची मुलगी. अंगाने मिऱ्याएवढी आणि जिभेने तितकीच तिखट, म्हणून सगळे तिला मिरी म्हणतात. मामी दवाखान्यात नर्स, तिला घरी यायला उशीर होतो, म्हणून शाळा सुटली की मिरी दुकानात. एक दिवस तिने फुलदाण्या उचलून जमिनीवर ठेवल्या, झाकण उघडलं आणि एका बोटाने टुंग टुंग सुरू केलं. चार दिवसांचं खूळ असेल, जाईल, असं आम्हाला वाटलं. खूळ काही गेलं नाही. मग मामीनेच तिला मागच्या गल्लीतल्या पियानोच्या बाईंकडे शिकायला घातलं.

शिकायची बाईंकडे, पण सराव मात्र दुकानात. आणि दुकानात मामाचा एक नियम होता. गिऱ्हाईक आणि गाणं एका छपराखाली नांदत नाहीत, असं त्याचं म्हणणं. घासाघीस करताना मागे सूर चालले की माणसाचं मन रमतं, आणि मन रमलं की तो नुसता बघून जातो. तेव्हा दाराची घंटी वाजली की मिरीने हात उचलायचे. मामा बहुतेक वेळा मागे पलंगाचे सांधे ठोकत असायचा, मग तीच उठून दाराकडे वळायची आणि मोठ्या माणसासारखी म्हणायची, "या, बसा. काय दाखवू?" गिऱ्हाईक गेलं की मामा मागे जाता जाता म्हणायचा, "हं, चालू दे." की ही जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे. पहिल्यापासून सुरू केलं असतं तर बिचारी कधी शेवटापर्यंत पोचलीच नसती. कधी वाऱ्यानेच दार हलायचं, तेव्हा मामा आतून ओरडायचा, "कुणी नाही गं, चालू दे!"

दुकान बंद झाल्यावर वाजवावं, तर वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका काठीने फरशी ठोकायचे. त्यामुळे जे काही वाजवायचं ते घंट्यांच्या मधल्या वेळात.

अशात लहान मुलांची पियानो स्पर्धा जाहीर झाली. मिरीने घरात, दुकानात, रस्त्यात एकच धोशा लावला, मला उतरायचंय. पण बाई नाव द्यायला तयार होईनात. एका संध्याकाळी त्या स्वतःच दुकानात आल्या. अर्थातच घंटी वाजली, आणि मिरीने हात उचलून "या, बसा" म्हटलं.

"पाहिलंत?" बाई मामाला म्हणाल्या. "माझ्याकडेसुद्धा हेच करते. बाहेर सायकलची घंटी वाजली तरी हिचे हात वर! स्पर्धेत मध्ये थांबलेलं चालत नाही."

"सवय आहे हो, जाईल," मामा म्हणाला.

"कशी जाईल? तुमच्या या दुकानाने मुलीच्या वाजवण्याची वाट लावलीय. माझ्यासमोर एकदा तरी न थांबता पूर्ण वाजवून दाखवू दे, मगच नाव देईन."

बाई गेल्या. एरवी मामाला कुणी एक शब्द बोललं तर तो चार परत करतो. त्या दिवशी तो नुसताच एका खुर्चीचा हात पुसत बसला. मग मला म्हणाला, "काय गं, मी पोरीचं नुकसान केलं का?"

मी फडकं उचलून दुसऱ्या खुर्चीला पॉलिश लावायला लागले. मला उत्तर येत नव्हतं असं नाही, ते त्याला सांगवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून आले तर दुकान फुटपाथवर! मामाने एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक आरसा बाहेर मांडला होता, दार लावून घेतलं होतं आणि स्वतः दाराला पाठ टेकून उभा होता. गिऱ्हाईक आलं की तो आतल्या कपाटाचं नुसतं वर्णन करायचा. लाकूड, कप्पे, बिजागऱ्या, सगळं तोंडी. "आत जाऊन बघू का?" असं विचारलं की म्हणायचा, "आत काम चाललंय, महत्त्वाचं आहे." कुणीतरी आवई उठवली की मामी आजारी आहे. शेजारचा चष्मेवाला विचारपूस करायला आला आणि दारातून येणारे सूर ऐकून गोंधळून परत गेला. उन्हात उभं राहून मामाचं नाक सोललं, धंदा बसला, पण स्पर्धेपर्यंत रोज शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत घंटी म्हणून वाजली नाही. बाईंनी मिरीचं पूर्ण वाजवणं ऐकलं, तेही दोनदा, आणि नाव दिलं.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. बाई, मामी, मामा आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो. मामाने नवा शर्ट घातला होता, पण नखांतलं पॉलिश काही निघालं नव्हतं, म्हणून हात खिशात. मंचावर काळाभोर, चकचकीत पियानो. मामाने सवयीने त्याचे पाय निरखले आणि माझ्या कानात कुजबुजला, "अस्सल आहे."

मुलं येत होती, वाजवत होती. एक-दोघं अडखळली, कावरीबावरी झाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करून तिथेच परत अडखळली. त्यांच्या आया खाली रुमाल पिळत होत्या. मग मिरी आली. स्टुलावर बसली तर पाय जमिनीला टेकेनात. पण तिने सुरुवात केली आणि मी श्वास सोडला. छान चाललं होतं. फार छान चाललं होतं. बाईंच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं.

परीक्षकांच्या टेबलावर एक घंटी होती, पुढच्या मुलाला बोलवायला. एक परीक्षक काही लिहायला वाकले, त्यांचा कोपर घंटीला लागला.

टिंग.

मिरीचे हात वर गेले. ती उठली, सभागृहाच्या दाराकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "या, बसा. काय दाखवू?"

आणि मामा? मामाही खुर्चीतून अर्धा उठला होता, गिऱ्हाईक आलं म्हणून!

सभागृहात हशा पिकला. बाईंनी डोळे मिटून घेतले. मिरीला आपण कुठे आहोत ते कळलं, तिचे कान लालबुंद झाले, खालचा ओठ थरथरायला लागला. ज्या परीक्षकांचा कोपर लागला होता ते ओशाळून काहीतरी सांगू बघत होते, पण त्या गलक्यात कुणाला ऐकू येणार? तशात मामा पूर्ण उभा राहिला आणि एवढ्या लोकांत, दुकानात असल्यासारखा ओरडला,

"कुणी नाही गं! चालू दे!"

मिरीने त्याच्याकडे पाहिलं. बसली. आणि जो सूर सोडला होता त्याच्या पुढच्या सुरापासून, त्याच लयीत, जणू मध्ये काही घडलंच नाही अशी वाजवू लागली. हसणारे एकेक करून गप्प झाले. शेवटचा सूर विरला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र रडू फुटलं होतं, आणि मी ते लपवलं नाही.

थांबल्याबद्दल गुण कापले गेलेच. नियम म्हणजे नियम. तरीही मिरीचा तिसरा नंबर आला. निकाल सांगताना मुख्य परीक्षक बाई म्हणाल्या, "मध्ये खंड पडला की मुलं मागे जातात. जिथे तुटलं तिथूनच उचलणं मोठमोठ्यांना जमत नाही. हे या मुलीला कुणी शिकवलं, ते मला बघायचंय. शिक्षकांनी तिच्याबरोबर वर यावं."

आमच्या बाई उठल्या. पदर सारखा केला, एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबल्या. मग मागे वळून मामाला म्हणाल्या, "उठा."

"मी?"

"हे मी शिकवलेलं नाही. मी तर ते मोडायला निघाले होते. तुम्ही जा."

"अहो बाई, मला त्यातलं सा-रे कळत नाही..."

"जा म्हणते ना!"

मामीने त्याला अक्षरशः ढकललं. खिशातले हात तसेच ठेवून तो मंचावर चढला. परीक्षक बाईंनी हात पुढे केला तरी त्याचा हात बाहेर येईना. शेवटी मिरीने मनगट धरून तो ओढून काढला, काळ्या नखांसकट, आणि त्यांच्या हातात दिला. कुणीतरी माईक आणून त्याच्या तोंडासमोर धरला. मला धास्ती, की आता हा पियानोची लाकडं, कप्पे, बिजागऱ्या सगळं सुरू करणार.

मामाने घसा खाकरला. मिरीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं.

"ही माझी मुलगी," तो म्हणाला, आणि त्यापुढे त्याला एक शब्दही बोलता आला नाही.